चोवीस, शंभर आणि काकांची वही

दांडिया बाजार, बडोदे

ती. काकांना,
शि. सा. न.

आकडेकोड्यांची तुमची वही दर शनिवारी मुलांसमोर उघडतो, त्याचे हे आभार. तिच्यात उत्तरं थोडी आणि ‘हे का जमणार नाही’ याच्या नोंदीच जास्त. आम्हाला कामाला आल्या त्या याच नोंदी.

1 ते 9 ओळीने मांडून, मध्ये अधिक-उणे घालून 100 करायचं कोडं घ्या. मुलं बेरजा करत सुटतात. तुमची नोंद सांगते: अंक सुटे ठेवा नाहीतर जोडून 34, 567 करा, नुसत्या बेरजेचं उत्तर 9 च्याच पटीत येणार, कारण सगळ्या अंकांची बेरीज 45. शंभराला 9 ने भागलं तर 1 उरतो. म्हणजे उणे हवंच. तेही कुठेही चालत नाही. अधिकाचं उणे केलं की उत्तर त्या संख्येच्या दुपटीने घटतं, म्हणून उणे लागलेल्या अंकांची बेरीज 4, 13, 22 अशी, 9 ने भागून 4 उरणारीच हवी. 12+3−4+5+67+8+9 मध्ये ती 4 आहे, 123−45−67+89 मध्ये 22. पानभर खोडाखोड इथेच वाचते.

पत्त्यांतल्या चोवीसचंही तसंच. कॅटातून चित्रं काढली की 40 पानं उरतात. चार उचलायची आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून त्यांतून 24 करायचे; प्रत्येक पान एकदाच वापरायचं, जोडून 33 करायचं नाही. आधी 3×8, 4×6, 2×12 बघायचं: एक पान बाजूला ठेवून उरलेल्या तिघांतून त्याचा जोडीदार काढायचा. 2, 5, 7, 8 मध्ये 8 बाजूला, मग 5×2−7=3. सुटलं. नुसते आकडे बघितले तर चार पानांचे 715 संच होतात, त्यांतले 566 सुटतात, 149 सुटतच नाहीत. हा आकडा मुलांना पहिल्याच दिवशी सांगावा. अडलं की आपणच ढ, असं मग वाटत नाही.

खरी गोची 3, 3, 8, 8 ला. पूर्णांकांत कितीही फिरा, हाती काही लागत नाही. उत्तर 8÷(3−8÷3). कंसात 1/3 उरतो, 8 ला त्याने भागलं की 24. पण मुलं मोबाइल काढतात, 8÷3 चे 2.67 करतात, कंसात 0.33 येतं आणि शेवटी 24.24. मग बरोबर वाट चुकीची म्हणून सोडून देतात! म्हणून तुमचा नियम पाळतो: दशांश बंद, छेद तसाच ठेवायचा. आमची मुलं गुजराती माध्यमातली, कंसाला कौंस म्हणतात. म्हणोत बापडी, पण घालायला विसरू नयेत. कंस गेला तर 8÷3−8÷3, म्हणजे शून्य.

1, 3, 4, 6 साठी तुम्ही लिहिलेलं वाक्य मात्र जसंच्या तसं फळ्यावर जातं: ‘सहा रुपयांत पावल्या किती?’ पावली, म्हणजे पाव रुपयाचं नाणं, कुणी पाहिलेली नाही, ती आधी समजावावी लागते. पण 1−3÷4 म्हणजे पाव, आणि सहाला पावाने भागलं की चोवीस, हे त्यानंतर कुणी विसरत नाही.

3, 3, 7, 7 समोरची जागा तुम्ही कोरी सोडली आहे. आम्हीही ती भरलेली नाही.

तुमची,
शनिवारची मंडळी