फायलीचं नाव मराठीतच राहू द्या, टूल दुरुस्त करा

संपादक साहेब, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, टायपिंगचं काम करतो. हे पत्र एका छोट्याशा कॉम्प्युटर प्रोग्रामबद्दल आहे पण विषय खेड्यातल्या सगळ्यांच्या कामाचा आहे म्हणून तुमच्याकडे पाठवतोय. आमच्या भागात कोणतंही ट्रेनिंग असो, शिकवणारे साहेब पहिला सल्ला हाच देतात की फायलीला मराठी नाव देऊ नका, गडबड होते, इंग्रजीत द्या. माझं म्हणणं याच्या उलट आहे. नाव मराठीतच राहू द्या, गडबड करणारं टूल दुरुस्त करा. आणि ते दुरुस्त होतं, आमच्याच गावातल्या पोट्ट्यानं करून दाखवलं आहे, म्हणून एवढ्या खात्रीनं लिहितोय.

झालं असं की सोयाबीनच्या बियाण्यासाठी नाव नोंदवलेल्यांच्या दोन एक्सेल याद्या होत्या, एक गावातली आणि एक तांड्यावरची. दोन पोरांनी दोन वेगळ्या कॉम्प्युटरवर टाईप केल्या आणि नाव दोघांनीही तेच दिलं, शेतकऱ्यांची यादी. दोन्ही फायली एका पेनड्राइव्हच्या एकाच फोल्डरमध्ये आल्या. आता कोणी म्हणेल एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली राहतीलच कशा. राहतात, कारण शेतकऱ्यांची मधला तो ऱ, जो आपल्या वऱ्हाडातपण आहे, तो कॉम्प्युटरमध्ये तीन तऱ्हेनं लिहिला जातो. एक तऱ्हा म्हणजे युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, या ऱ चा स्वतःचा नंबर आहे, ०९३१, तो आणि त्याच्यामागे हलंत, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह. दुसरी म्हणजे साधा र, त्याच्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, मग हलंत. तिसरी म्हणजे र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडणारं चिन्ह. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, डोळ्याला काडीचाही फरक कळत नाही, पण डिस्कवर ती तीन वेगळी नावं आहेत, लिनक्सलाही (विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी फुकट सिस्टीम) वेगळी आणि पेनड्राइव्हलाही वेगळी. आमच्या दोन याद्यांमध्ये एक पहिल्या तऱ्हेची होती आणि एक दुसऱ्या.

फायली हलवायला आम्ही लिनक्सच्या टर्मिनलमधलं, म्हणजे हुकूम टाईप करून द्यायच्या खिडकीतलं, एक छोटं फुकट टूल वापरतो, कमांड दिली की पेनड्राइव्हमधलं सगळं कॉम्प्युटरवर घेतं आणि जाताजाता नावं एकसारखी करून घेतं, म्हणजे नुक्तावाला ऱ असला तर त्याचा ०९३१ वाला करतं. हे करणं चांगलंच आहे, नाहीतर पुढे शोधायला गेलं की फाईल सापडत नाही. पण चूक क्रमात होती. टूल आधी जुन्या नावानं पाहायचं की या नावाची फाईल तिकडे आहे का, नाही म्हणून पुढे जायचं, मग नाव बदलायचं आणि बदललेल्या नावानं लिहून मोकळं व्हायचं. बदललेल्या नावाची फाईल तिथे आधीच आहे का, हे पाहायचंच नाही. गावाची यादी तांड्याच्या यादीवर जाऊन बसली, आणि हलवायचं काम म्हणून पेनड्राइव्हमधल्या दोन्ही मूळ फायली टूलनं पुसून टाकल्या. एरर नाही, सूचना नाही, काम झालं म्हणून सांगितलं.

हे आम्हाला कळलं कधी तर वाटपाच्या दिवशी. तांड्यावरची एक म्हातारी बाई रांगेतून पुढे आली, यादीत तिचं नाव नाही, तिच्या मागच्याचं नाही, त्याच्याही मागच्याचं नाही. ती म्हणे, काहून बापू, माहं नाव त मी सोता सांगतलं होतं, मंग कुठी गेलं? तिला काय सांगायचं सांगा. तांड्यावरच्या लोकांना वाटलं मुद्दाम वगळलं, आणि असं वाटायला त्यांच्याकडे आधीपासून पुष्कळ कारणं आहेत. एका ऱ पायी गावात भांडण व्हायची वेळ आली होती.

यादी नंतर मिळाली. वाचकांसाठी सांगतो, पेनड्राइव्हमधून फाईल पुसली गेली तरी आतला मजकूर लगेच जात नाही, त्या जागेवर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत राहतो. म्हणून फाईल गेली की पेनड्राइव्ह तसाच काढून ठेवायचा, त्यात अजिबात काही टाकायचं नाही, आणि फोटोरेकसारखा फुकटचा प्रोग्राम चालवायचा. त्यात मूळ नावं परत येत नाहीत, नुसते नंबर येतात, एकेक उघडून पाहावी लागते, पण आमची यादी त्यातूनच निघाली आणि सगळ्यांना बियाणं मिळालं.

आता दुरुस्तीचं. माझा पुतण्या अमरावतीला शिकतो, सुट्टीत आला होता, त्यानं त्या टूलचा कोड उघडला, तो सगळ्यांसाठी खुला आहे. आधी त्यानं मला एक गोष्ट समजावली ती मला फार महत्त्वाची वाटते. एकाच डिस्कवर फाईल इकडून तिकडे नेली तर आतला मजकूर हलतच नाही, सातबाऱ्यावरचं नाव बदलावं आणि जमीन जागच्या जागी राहावी तसं फक्त नोंद बदलते, म्हणून मोठी फाईलपण एका क्षणात जाते. पण पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटरवर म्हणजे दोन वेगळ्या डिस्क, तिथे सिस्टीम नोंद बदलायला नकार देते, मग टूलला पूर्ण कॉपी करून मूळ फाईल पुसावी लागते. धोका तिथे आहे. कॉपी नीट बसायच्या आधी किंवा भलत्या फाईलवर बसल्यावर मूळ पुसलं की संपलं.

त्यानं काय केलं तर नाव बदलण्याचं काम पहिले घेतलं आणि फाईल आहे का हे पाहणं नंतर. शिवाय नुसतं पाहून थांबला नाही, कारण पाहणं आणि लिहिणं यांच्यामध्ये दुसरा प्रोग्राम तिथे फाईल ठेवू शकतो. म्हणून नवीन फाईल उघडतानाच सिस्टीमला सांगायचं की या नावाची फाईल नसेल तरच बनव, असेल तर थांब आणि मला सांग. एकाच डिस्कवर हलवायचं असेल तर त्यासाठीही अशी सोय आहे, लिनक्समध्ये २०१४ पासून. आणि मूळ फाईल पुसायची ती कॉपी डिस्कवर पूर्ण उतरल्यावरच. बदल मोजक्याच ओळींचा. त्याच्याबरोबर त्यानं एक टेस्टपण लिहिली, त्यात दोन्ही तऱ्हेचे ऱ कीबोर्डनं टाईप न करता नंबरनं लिहिले, कारण टाईप केलं तर पुढे कोणता एडिटर गुपचूप बदलून टाकेल याचा भरवसा नाही. हे सगळं त्यानं टूल सांभाळणाऱ्यांना पाठवलं आणि त्यांनी घेतलं. आता नावाची टक्कर झाली की टूल थांबतं आणि दोन्ही नावं दाखवतं.

तो न दिसणारा जोडवाला तिसरा ऱ राहिलाच, तो जास्त अवघड आहे. काही टूल न दिसणारं चिन्ह कचरा म्हणून काढून टाकतात, मग दऱ्या चं दर्या होऊन बसतं, म्हणजे नावच बदललं. त्याला हात लावू नये असं माझं मत आहे.

आणि मराठी नावाची अडचण ऱ पुरतीच नाही. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ डिस्कवर फाईलच्या नावाला २५५ बाइटची हद्द आहे, बाइट म्हणजे कॉम्प्युटरमधली जागा मोजायचं माप. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, आपलं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, काना मात्रा हलंत सगळे वेगळे मोजायचे, म्हणजे आपल्याला ८५ चिन्हं. एकट्या क्ष मध्येच नऊ बाइट जातात. विंडोजवर ही हद्द चिन्हांवर असते म्हणून तिथे ग्रामसभेच्या ठरावाचं लांबलचक नाव आरामात बसतं आणि लिनक्सवर आणलं की बसत नाही. टूलनं अशा वेळी नाव मनानं कापू नये, थांबून विचारावं, कारण आपल्याकडे नावाची सुरुवात सारखीच असते, साल आणि विषय शेवटी येतो, आणि कापलं की दहा ठरावांचं एकच नाव होतं.

फाईल हलवायची एमव्ही कमांड १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासून आहे आणि देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. एवढ्या वर्षांनंतरही आमच्या लोकांना इंग्रजी नाव द्या असं सांगायचं, हे मला पटत नाही. ज्या बाईला इंग्रजी वाचता येत नाही तिनं तिच्या बचत गटाचा हिशोब फोल्डरमध्ये शोधायचा कसा?

म्हणून माझी मागणी दोन ठिकाणी आहे. सरकारी ऑफिसं फायली ठेवायला, हलवायला जे सॉफ्टवेअर घेतात त्यांनी घ्यायच्या आधी मराठी नावाच्या फायली टाकून पाहाव्यात, वऱ्हाड, शेतकऱ्यांची, लांब ठराव, सगळं. आणि विदर्भातल्या कॉलेजांनी पोरांना प्रोजेक्ट म्हणून दरवर्षी तेच ते लायब्ररी मॅनेजमेंट करायला लावण्यापेक्षा असं एखादं चालू टूल घेऊन त्यातली एक खरी चूक दुरुस्त करायला लावावी आणि त्याचे मार्क द्यावेत. पुतण्यानं तपासायला अशा अडचणीच्या नावांचं एक फोल्डर बनवलं आहे, आत नुसत्या रिकाम्या फायली आहेत. ज्या कॉलेजला किंवा ऑफिसला ते पाहिजे त्यांनी तुमच्या पेपरमार्फत कळवावं, आम्ही पेनड्राइव्हमध्ये टाकून देऊ.

आपला,
एक नियमित वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ