भाड्याचे कपडे: धुलाई आणि वाहतूकही मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरमहा वर्गणी भरून कपडे घरपोच मागवण्याच्या सेवांना आजकाल सरसकट पर्यावरणपूरक म्हटले जाते. ते पटत नाही. यातल्या काही सेवा निवडलेले कपडे पाठवतात, हवे ते विकत घ्यायचे आणि उरलेले परत करायचे. ही निव्वळ खरेदीच, वर परतीची वाहतूक. खरा प्रश्न भाड्याने कपडे देणाऱ्यांचा आहे.

घरची जीन्स आपण पाच-सहा वेळा घालून मग धुतो. भाड्याची जीन्स एकदाच घालून परत केली तरी धुवावीच लागते. फिनलंडमधील एलयूटी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये जीन्स वापरण्याच्या पाच पद्धतींची तुलना केली, तेव्हा हवामानावर सर्वाधिक भार भाड्याच्या पद्धतीचा निघाला. कारण होते कपडे नेण्या-आणण्यासाठी ग्राहकांनी केलेल्या प्रवासाचे. वाहतूक कमी प्रदूषणाची झाली, तर हे चित्र बदलते. ड्रायक्लीनिंगचा मुद्दा वेगळाच. त्यात वापरले जाणारे परक्लोरोइथिलीन हे रसायन इतके घातक आहे की अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने डिसेंबर 2024 मध्ये दहा वर्षांत त्याचा ड्रायक्लीनिंगमधला वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम केला.

समारंभाचा पोशाख, गरोदरपणातले कपडे, तान्ह्या बाळाचे कपडे जरूर भाड्याने घ्यावेत; ते थोडेच दिवस लागतात. रोजचे कपडे मात्र विकतच घ्यावेत, पण पारखून. कपडा उलटा करून शिवणीत निदान एक सेंटिमीटर माया (टाक्याबाहेर ठेवलेले जादा कापड) आहे का ते पाहावे. शिवण दोन्ही बाजूंनी हलकेच ताणावी; टाके उघडे पडून फट दिसली तर ती लवकर उसवणार. धुताना कपडा उलटा, पाणी 30 अंशांपर्यंत, आणि ड्रायर नको: उष्णतेने इलॅस्टेनचा, म्हणजे कापडातल्या ताणणाऱ्या धाग्याचा, ताण जातो, मग गुडघ्याशी फुगा येतो तो बसत नाही.

जीन्स बहुधा मांडीच्या आतल्या बाजूला विरते. भोक पडायची वाट पाहू नये, कारण कडा ओढल्या गेल्या की रफू टिकत नाही. जीन्स उजेडासमोर धरली की विरलेली जागा कळते. तिच्यापेक्षा चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठा, त्याच जाडीचा तुकडा आतून लावून मशीनवर मागे-पुढे जवळजवळ टाके घालावेत. जीन्स ताणणारी असेल तर तुकडाही ताणणाराच हवा, नाहीतर त्याच्या कडेलाच ती फाटते.

'जुने द्या, आम्ही पुनर्वापर करू' या आश्वासनावरही विसंबू नये. सूत-पॉलिस्टर मिश्रण वेगळे करणे कठीण असते आणि यंत्राने पिंजलेला धागा आखूड होतो, त्यात नवा मिसळावाच लागतो.

या सेवांवर लेख छापताना आपल्या वार्ताहरांनी कंपन्यांना तीन गोष्टी आवर्जून विचाराव्यात, ही विनंती: एक कपडा बाद होण्याआधी किती वेळा भाड्याने जातो, तो कशाने धुतला जातो आणि बाद झाल्यावर नेमका कुठे जातो.

आपली,
एक वाचक