पावसाआधी तळघरात उतरून बघा: नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. नगरविकास मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी आमच्या तळघरात गुडघाभर पाणी भरलं. आम्ही बेसावध होतो असं नाही. दारात वाळूची पोती रचली होती, भिंतींना आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात दिले होते, खिडकीच्या फटींत सिलिकॉन भरलं होतं. रात्री अकराच्या सुमाराला खालच्या न्हाणीतल्या जाळीतून गुडगुड ऐकू यायला लागली. थोड्या वेळाने जाळी उचलली गेली आणि काळं पाणी वर आलं. पोत्यांच्या आतली फरशी तोवर कोरडी होती. माझे वडील त्या खोलीत झोपत. त्यांना धरून जिना चढवला, तेव्हा त्यांच्या पायांना मैल्याचा वास येत होता आणि ते एक शब्द बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. त्याने पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतली, तिचं एक टोक रस्त्यावरच्या चेंबरच्या झाकणापाशी धरायला लावलं, दुसरं घेऊन तो खाली उतरला. आमची जाळी त्या झाकणापेक्षा सव्वा मीटर खाली निघाली. म्हणजे रस्त्याखालची वाहिनी तुंबून पाणी चेंबरमध्ये चढायला लागलं, की रस्त्यावर यायच्या आधीच ते आमच्या न्हाणीत येणार. अडवायला मध्ये काहीच नव्हतं. घराचा नकाशा मंजूर झाला तेव्हा, भोगवटा प्रमाणपत्र मिळालं तेव्हा, आम्ही घर घेतलं तेव्हा, कुणीही ही उंची मोजली नव्हती. मोजायला दोन माणसं आणि दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांना आपल्या नियमांत जागा मिळावी, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

त्या रात्रीनंतर मी गवंडी, प्लंबर, इंजिनिअर अशा बऱ्याच जणांना गाठलं. तळघरात पाणी शिरण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. छपराचं आणि अंगणाचं पाणी पायाशी मुरतं. भिजलेल्या मातीतून ते भिंतीला भिडतं. भूजलाची पातळी चढली की फरशीखालून रेटा येतो. आणि ड्रेनेज उलटं वाहतं. प्रत्येक वाटेचा बंदोबस्त वेगळा आहे. आम्ही एका वाटेचा बंदोबस्त केला आणि पाणी दुसऱ्या वाटेने आलं.

यातलं सगळ्यात दुर्लक्षित काम छपरावर आणि घराभोवती असतं. १०० चौरस मीटरच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० लिटर पाणी होतं. पन्हळीत पाला साचला असेल, किंवा उतरता पाइप जोत्यालगतच संपत असेल, तर हे सगळं पाणी तळघराच्या भिंतीलगत ओतलं जातं. पाइप पायापासून निदान दोन मीटर लांब नेला, तर त्या भिंतीवरचा निम्मा त्रास तिथेच कमी होतो, असं मी स्वतः अनुभवलं. दुसरी गोष्ट भरावाची. तळघर बांधताना खड्डा भिंतीपेक्षा रुंद खणावा लागतो आणि भिंत उभी राहिली की मधली फट मातीने भरतात. हा भराव आजूबाजूच्या मूळ जमिनीइतका घट्ट नसतो. काही वर्षांत तो खचतो आणि घराभोवती कडेकडेने खोलगट पट्टा तयार होतो. अंगणाचा उतार बाहेरच्या बाजूला असायला हवा, तो घराकडे होतो. पहिल्या तीन मीटरमध्ये जमीन निदान १५ सेंटीमीटर उतरती हवी. त्यासाठी चिकणमाती, फावडं आणि एखादा कोरडा दिवस पुरतो. उतार बिघडलाय की नाही, हे ओळखायला यंत्र लागत नाही. मुसळधार पावसात छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारली की डबकं कुठे साचतंय ते डोळ्यांनी दिसतं.

आतून लावलेल्या रंगावर मात्र माझा आता अजिबात विश्वास राहिलेला नाही. पाण्याची खोली एक मीटर असेल, तर त्या पातळीला दर चौरस मीटरवर सुमारे एक टन रेटा असतो. हा रेटा बाहेरून आत येतो आणि रंगाच्या पापुद्र्याला भिंतीपासून ढकलून काढतो. आमच्या भिंतीवर आधी पांढरा लोणा फुटला, मग फोड आले आणि शेवटी रंगाच्या खपल्या पडल्या. ओल बाहेरून झिरपते आहे की खोलीतल्याच दमट हवेची आहे, हेही आधी बघायला हवं. भिंतीवर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब खोलीकडच्या बाजूला धरले तर हवा दमट आहे. मागे, भिंतीकडे धरले तर भिंत पाणी पिते आहे. पहिल्या प्रकाराला हवा खेळती ठेवली तरी भागतं. दुसऱ्यासाठी बाहेरून खणून वॉटरप्रूफिंग करावं लागतं, किंवा भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या सांध्यालगत चर काढून पाणी पंपाच्या खड्ड्यात न्यावं लागतं.

पंपाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पंप बसवला की माणूस निर्धास्त होतो. एका ओळखीच्या घरात चांगला सबमर्सिबल पंप होता. ऐन वेळी तो सुरूच झाला नाही, कारण त्याचा फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर उचलला जाऊन पंप सुरू करणारा तरंगता गोळा, खड्ड्याच्या कडेला अडकला होता. महिन्यातून एकदा खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं असतं तर हे आधीच कळलं असतं. दुसऱ्या घरात पंप व्यवस्थित चालत होता, पण त्याचं पाणी भिंतीपासून हातभर अंतरावर पडत होतं. तेच पाणी मुरून पुन्हा खड्ड्यात येत होतं आणि पंप रात्रभर तेच पाणी फिरवत बसला होता. आणि जोराच्या वादळात बहुधा वीज जाते. ज्या तासाला पंप हवा, नेमका त्याच तासाला तो बंद पडतो. बॅटरीवर चालणारा जोड पंप नसेल, तर ही सगळी तयारी अर्धीच आहे.

आता ड्रेनेजबद्दल. महोदय, ही एक वाट घरमालकाला एकट्याने बंद करता येत नाही. घराच्या वाहिनीवर झडपेचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवता येतो. घरातलं पाणी बाहेर जाताना झडप उघडते आणि रस्त्याकडून पाणी उलटलं की मिटते. आम्ही तो बसवून घेतला. पण झडपेत चिंधी किंवा चरबीचा गोळा अडकला तर ती मिटत नाही, म्हणून दर पावसाआधी झाकण उघडून ती धुवावी लागते. शिवाय झडप मिटलेली असताना वरच्या मजल्यांवरचं पाणी बाहेर जाऊ शकत नाही. त्या वेळी कुणी आंघोळ केली किंवा कपड्यांचं मशीन लावलं, तर आपलंच पाणी आपल्या तळघरात उतरतं. आमच्याकडे पाऊस जोर धरायला लागला की आता सगळे नळ बंद असतात. हे मला प्लंबरने सांगितलं. कुठल्याही सरकारी पत्रकात मी ते वाचलेलं नाही.

आमच्या घरी नुकसान झालं, माणूस वाचला. सगळीकडे असं झालेलं नाही. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस न्यूयॉर्कवर कोसळला. सेंट्रल पार्कमध्ये एका तासात सुमारे ८० मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरात मेलेल्या १३ जणांपैकी ११ जण तळघरातल्या घरांमध्ये होते. ऑगस्ट २०२२ मध्ये दक्षिण कोरियाची राजधानी सोल इथे अर्ध्या तळघरात राहणाऱ्या एकाच कुटुंबातल्या तिघी बुडाल्या. त्यांत एक तेरा वर्षांची मुलगी होती. त्यानंतर महिन्याभरातच त्याच देशातल्या पोहांग शहरात इमारतीच्या तळघरातून गाड्या बाहेर काढायला उतरलेले ७ जण पाण्यात सापडून गेले. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत एका शिकवणीवर्गाच्या तळघरातल्या वाचनालयात तीन विद्यार्थी बुडाले. त्या तळघराला परवानगी वाहनं आणि सामान ठेवण्याची होती.

एवढं मोठं माणूस दार उघडून बाहेर का येत नाही, असं मला कुणीतरी विचारलं होतं. दार ९० सेंटीमीटर रुंद असेल आणि बाहेर अर्धा मीटर पाणी उभं असेल, तर त्या दारावर सुमारे ११० किलो वजनाइतका रेटा असतो. पाणी एक मीटर झालं की तो दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्याविरुद्ध दार ढकलणं धडधाकट माणसालाही जमत नाही. माझे वडील तर काठी घेऊन चालतात.

म्हणून आपल्याकडे मागणं आहे. तळघर असलेल्या कुठल्याही घराला भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी घरातल्या सर्वांत खालच्या जाळीची आणि रस्त्यावरच्या चेंबरच्या झाकणाची उंची मोजून ती कागदावर लिहिली जावी. जाळी खाली असेल तर व्हॉल्व्ह सक्तीचा करावा, आणि तो साफ करता येईल अशा जागी बसलाय हे तपासणाऱ्याने स्वतः पाहावं. जुन्या घरांना एका वर्षात हे परवडणार नाही, याची मला कल्पना आहे. तिथे निदान मोजणी तरी मोफत व्हावी, म्हणजे धोका कुठे आहे हे त्या घरातल्या माणसांना कळेल. तळघरातली खोली भाड्याने देताना पूर्वी तिथे पाणी शिरलं होतं का, हे करारात लिहिणं बंधनकारक हवं. आणि ज्या खोलीला बाहेर पडायचा दुसरा मार्ग नाही, तिथे कुणी झोपता कामा नये. या बाबतीत कुठलीही सवलत देऊ नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. भाडं कमी आहे म्हणून लोक तिथे राहतात. त्यांना तिथून काढताना राहायला दुसरी जागा द्यावी लागेल, आणि ते कामही आपल्याच खात्याचं आहे.

आणखी एक गोष्ट मदत पथकांना शिकवली जावी. पाणी भरलं की घाईने मोठे पंप लावून तळघर एका दमात कोरडं करतात. बाहेरची माती तेव्हा पाण्याने गच्च असते आणि आतलं पाणी भिंतीला उलट टेकू देत असतं. तो टेकू एकदम काढला तर भिंत आत वाकते, फरशी उचलली जाते. बाहेरचं पाणी ओसरेपर्यंत थांबून दिवसाला साधारण एक तृतीयांश एवढाच उपसा करावा लागतो. आमच्या घरी उपसा एका सकाळीच झाला आणि पूर्वेच्या भिंतीला आडवी भेग गेली. ती भरून काढणं पाण्याने झालेल्या नुकसानीपेक्षा महाग पडलं. पाण्यात उतरण्याआधी वीज मेन स्विचवरून तोडायची, आणि मेन स्विचच तळघरात असेल तर खाली उतरायचंच नाही, हेही त्याच प्रशिक्षणात यावं.

हे सगळं कोरड्या महिन्यांत करायचं काम आहे. पहिला पाऊस पडला की प्लंबर मिळत नाही, माती खणता येत नाही आणि चेंबर साफ करायला माणूस उतरवणं अधिकच धोक्याचं होतं.

आमच्या गल्लीतल्या आम्ही रहिवाशांनी मिळून तीच पाण्याची नळी घेऊन घरोघर मोजणी केली. अकरा घरांना तळघर आहे. त्यांतल्या सात घरांची जाळी रस्त्यावरच्या झाकणाच्या खाली आहे आणि त्या सातांपैकी दोनच घरांत व्हॉल्व्ह आहे. उरलेल्या पाच तळघरांपैकी तीन तळघरांत रात्री माणसं झोपतात. मोजणीचा तक्ता या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे पाठवला आहे. पुढच्या पावसाआधी तो घेऊन आपल्या खात्यातलं कोण आणि कधी येईल, एवढं कळवावं.

आपला नम्र,
तळघर असलेल्या घरातला एक रहिवासी