आमच्या गणिताच्या सरांना, एका सालदाराच्या पोरीकडून

सर,

समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

आमचं मूळ गाव सेंधव्याकडचं, मध्यप्रदेशातलं, घरात बारेली बोलतो आणि बाबा जळगावकडच्या यावल तालुक्यात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबणारे. सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं, मालक बदलला की मळा बदलतो अन् मळा बदलला की शाळा, त्यात दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी आली की पोरं आईसोबत वावरात जातातच. मग लोक म्हणतात ही बाहेरची पोरं गणितात कच्ची. मला हे कधीच पटलं नाही सर, यांचे मधले धडे सुटलेले असतात, बस. इतिहासाचा एक धडा सुटला तरी पुढचा वाचता येतो, पण अवयव पाडणं सुटलं की वर्गसमीकरण डोक्यावरून जातं आणि ते गेलं की अकरावीचं काहीच लागत नाही.

तुम्ही हे ओळखलं. नववीत मी तुमच्याकडे आले तेव्हा मार्क विचारलेच नाहीत, कोणत्या महिन्यात कुठे होतीस ते विचारलं आणि नेमके तेवढेच धडे शाळा सुटल्यावर बसवून करून घेतले, माझ्यासोबत वीटभट्टीवरची पोरंपण होती. आधीच्या शाळेचा दाखला मिळत नव्हता, तोसुद्धा तुम्हीच गाडीवर जाऊन आणलात. आठवीपर्यंत दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, 2009 च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात तसं आहे, पण नववीपासून तो कायदा लागू नाही आणि आमची कितीतरी पोरं तिथेच गळतात.

दहावीनंतर जो तो म्हणे आर्ट्स घे, फार तर सायन्स घे पण मॅथ्स सोड. मॅथ्स सोडलं की इंजिनिअरिंगचा रस्ता जवळजवळ बंद, राज्याच्या सीईटी प्रवेश परीक्षेत पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपला 200 पैकी 100 मार्क एकट्या मॅथ्सचे, हे आमच्या घरात कोणाला माहीत असणार? तुम्ही मळ्यात येऊन खाटेवर बसून बाबांना दोन तास समजावलंत. अकरावी इंग्लिशमधून म्हणून मी घाबरले तर म्हणालात, "तुझी ही चौथी भाषा आहे, वर्गात सगळ्यात जास्त सवय तुलाच आहे." खरंच त्या दिवसानंतर भीती गेली.

आणि जातीचा दाखला! तिकडे आम्ही एसटी, इथे 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा महाराष्ट्रातला रहिवासाचा पुरावा मागतात, तो कुठून आणणार, म्हणजे राज्याची स्कॉलरशिप नाही, राखीव सीट नाही. बाबांच्या तिकडच्या दाखल्यावर केंद्राच्या संस्थांमध्ये सवलत मिळते हे तुम्ही शोधून काढलंत, बाबांना कागद घेऊन सेंधव्याला पाठवलंत, त्या संस्थांच्या प्रवेश परीक्षेचा, जेईईचा, फॉर्म स्वतः बसून भरून घेतलात. म्हणून मी आज नागपूरला व्हीएनआयटीत, केंद्राच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात, सिव्हिलला आहे. माझ्यापेक्षा हुशार पोरं केळीच्या घडांखाली वाकलेली मी बघितलीत सर, त्यांना कोणी हे सांगितलंच नाही, याचा राग माझा अजून जात नाही.

माय म्हणते सरांना घरी जेवायला बोलाव. या आखाजीला आमच्या शेजारच्या मळ्यात खरगोनकडचं एक कुटुंब आलंय, त्यांची मोठी पोरगी यंदा नववीला. तिचे कोणते धडे राहिले ते मी फोनवर विचारून लिहून घेतलंय, कागद तिच्याकडे पाठवलाय. सोमवारी ती तुमच्याकडे येईल.

तुमची विद्यार्थिनी