आरसा धरणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

धंतोलीतल्या तुमच्या दवाखान्यातून निघताना मी नुसते ‘येते’ म्हणाले, कारण आणखी एक शब्द बोलले असते तरी रडू आवरले नसते. तेव्हाचे राहून गेलेले आज लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या नागपुरातल्या इतर ट्रान्स स्त्रियांच्याही वाचनात यावे म्हणून उघडपणे लिहिते आहे.

योनीनिर्मितीची माझी शस्त्रक्रिया मुंबईत झाली आणि ती चांगलीच झाली. पुढचे काही महिने दिवसातून अनेकदा डायलेटर (योनीमार्ग खुला ठेवायला आत घालायची गुळगुळीत कांडी) वापरला नाही तर मार्ग आक्रसत जातो, हेही मला नीट समजावून सांगितले होते. पण घरी परतल्यावर दोन महिन्यांनी डायलेटरला रक्त लागू लागले, पिवळसर स्राव सुरू झाला, आणि भीतीने अंग इतके आवळले जाई की डायलेटर आत सरकेना. योनी आणि गुदाशय यांच्यामध्ये भोक पडणे ही या शस्त्रक्रियेतली क्वचित होणारी पण गंभीर गुंतागुंत आहे, आणि माझ्या मनाने तेच धरून ठेवले होते.

तुमच्याआधी मी ज्या रुग्णालयात गेले, तिथे भरल्या प्रतीक्षागृहात माझे जुने नाव दोनदा पुकारले गेले. डॉक्टरांनी तपासलेही नाही. ‘जिथे केले तिथेच जा’ म्हणून मोकळे झाले. नागपूरहून मुंबई आठशे किलोमीटरवर आहे, आणि धड बसताही येत नसताना विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्र काढणे म्हणजे काय, हे त्यांना विचारावेसे वाटले नाही. आमच्या आरोग्याचे प्रश्न हाताळता यावेत म्हणून डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा आढावा घ्यावा, असे २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्क संरक्षण) कायद्याच्या कलम १५ मध्ये लिहिलेले आहे. पण समोरच्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारायला अभ्यासक्रम कशाला हवा?

तुम्ही मात्र आधी माझे नाव विचारलेत आणि फाइलवर तेच लिहिलेत. अशी केस पहिल्यांदाच पाहत असल्याचे मोकळेपणाने सांगून माझ्यासमोरच मुंबईच्या सर्जनना फोन लावलात. मग तुम्ही जे केलेत ते मी जन्मभर विसरणार नाही. पर्समधून स्वतःचा छोटा गोल आरसा काढलात, स्पिरिटच्या बोळ्याने पुसलात, दिवा वळवलात आणि म्हणालात, “बाळा, आधी तू बघ, मग मी सांगते.” माझा हात थरथरत होता म्हणून आरसा तुम्हीच धरलात, आणि मी पुरते पाहून होईपर्यंत, कितीतरी वेळ, तो हलू दिला नाहीत. बाहेर पेशंट खोळंबले होते. प्रवेशद्वाराशीच वाटाण्याएवढा लालभडक मांसांकुर दिसत होता. जखम भरताना शरीराने गरजेपेक्षा जास्त मांस वाढवले आहे, असे या शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच जणींना होते, गुदाशयाची बाजू मी तपासली आहे आणि ती शाबूत आहे, असे तुम्ही एकेक करून सांगितलेत. जास्तीचे मांस जाळणाऱ्या सिल्व्हर नायट्रेटची काडी टेकवल्यावर जरासे झोंबले आणि तिथे काळपट डाग उमटला. तोही तुम्ही आरशात दाखवलात.

तोवर प्रत्येक तपासणीत पाहणारे दुसरेच असत. त्या दिवशी पहिल्यांदा मी पाहिले, आणि हे माझे आहे, भरून येते आहे, असे मला वाटले. हातचे काम बाजूला ठेवून दुसऱ्याची भीती फिटेपर्यंत थांबणे, याला आमच्या घरी माणुसकी म्हणतात, आणि ती मला तुमच्याकडे न मागता मिळाली.

आता रक्त थांबले आहे. तुम्ही शिकवल्याप्रमाणे श्वास सोडत डायलेटर घेते आणि अंग आवळत नाही. सीताबर्डीहून तसाच एक गोल आरसा आणला आहे. शस्त्रक्रियेविषयी आजवर एक शब्दही न विचारणारी माझी आई पुढच्या तपासणीला सोबत येते म्हणाली आहे. तिला तुम्हाला भेटायचे आहे, आणि येताना ती तुमच्यासाठी सांबारवडी करून आणणार आहे.

तुमची कृतज्ञ,
एक पेशंट