गाडीचा खरा आकडा

परभणी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेलं कोटेशन ओळ न् ओळ वाचलं. काकूंच्या दवाखान्यासाठी गाडी हवीच. अर्ध्या रात्री भाड्याची गाडी शोधत फिरतानाचे तुझे हाल मी बघितलेत, त्यामुळं घेऊ नको असं म्हणणार नाही. पण शोरूमवाल्यानं साडेआठ लाखांच्या वरचा एकच आकडा तुझ्या डोक्यात बसवलाय आणि तू त्यावरच हप्ता काढत बसलास. आधी तो कागदच नीट बघू.

एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओचा कर आणि विमा सोडून गाडीची किंमत, सात लाख. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा जादा कर, म्हणजे सेसही गेला. तुला नवाच भाव लावलाय, तिथं काही अडचण नाही. त्यावर आरटीओचा कर. आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे ७७ हजार. तिथं घासाघीस चालत नाही.

खरी गंमत खालच्या ओळींत आहे. इन्शुरन्स ३८ हजार लिहिलाय. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा घ्यावाच लागतो. १००० ते १५०० सीसीला त्याचा सरकारी दर १०,६४० रुपये, जीएसटी धरून साडेबारा हजारांच्या आसपास. तो कुठंही सारखाच. उरलेले पंचवीस हजार गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे, आणि तिथं प्रत्येक कंपनीचा भाव वेगळा. शोरूममधूनच विमा घे अशी सक्ती कुणाला करता येत नाही. आणि लक्षात ठेव, तुझ्या जुन्या गाडीचा फुल इन्शुरन्स तुझ्याच नावावर होता. पाच वर्षं क्लेम केला नसशील तर नो क्लेम बोनस, म्हणजे स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात सूट, ५० टक्के बसतो आणि तो गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून त्याचं पत्र घे आणि नव्या विम्याला लाव. हे शोरूमवाला आपणहून कधीच सांगत नाही.

‘हँडलिंग’ ८,५०० ही ओळ खोडायला लाव. कशाचे पैसे ते लेटरहेडवर लिहून माग, बहुतेक वेळा तिथंच ती गळते. २४ हजारांच्या ॲक्सेसरीज म्हणजे सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप आणि कसलंसं कोटिंग. कोटिंग सोड, बाकी बाजारात निम्म्यात बसतं. वाढीव वॉरंटीचे तेरा हजारही आजच द्यायची घाई नाही. एवढं केलंस की गाडी सव्वाआठच्या आत दारात येते.

आता कर्ज. सहा लाख, ९ टक्के, पाच वर्षं: हप्ता १२,४५५ आणि व्याज जवळपास १ लाख ४७ हजार. एजंट सात वर्षांचा ९,६५३ चा हप्ता दाखवून ‘परवडतंय की’ म्हणेल. त्यात व्याज २ लाख ११ हजारांवर जातं. कुणी ‘फ्लॅट सात टक्के’ म्हणालं तर भुलू नकोस. फ्लॅट म्हणजे कर्ज फिटत आलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण सहा लाखांवरच. पाच वर्षांच्या फ्लॅट सातचा हप्ता १३,५०० होतो, म्हणजे नेहमीच्या पद्धतीनं, उरलेल्या कर्जावर व्याज मोजलं तर साडेबारा टक्क्यांचं कर्ज.

मला सगळ्यात जास्त काळजी वेगळीच आहे. तुझा पैसा येतो सोयाबीन निघाल्यावर, नंतर थोडा हरभऱ्याचा. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला. जून-जुलैत बी, खत, पोरांची फी आणि त्यातच हे बारा हजार. पाऊस लांबला की काय होतं ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. म्हणून बँकेत दोन गोष्टी विचार. ट्रॅक्टरच्या कर्जासारखा सहामाही हप्ता मिळतो का, आणि दिवाळीत जास्तीचे पैसे भरले तर दंड किती. कारचं कर्ज बऱ्याचदा फिक्स्ड दराचं असतं आणि मुदतीआधी फेडायला त्यावर चार्ज लावतात. करारात ती ओळ शोधून बोट ठेव आणि मगच सही कर.

पाच वर्षांचा पुरा हिशोबही मी करून ठेवलाय. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले, ॲव्हरेज १७, पेट्रोल १०६. आपल्या परभणीचं पेट्रोल मनमाडच्या डेपोतून टँकरनं येतं आणि राज्यात सगळ्यात महाग म्हणून पेपरात झळकतं, तेव्हा यात काटकसर धरू नकोस. वर्षाला ६२ हजार, पाच वर्षांचे ३ लाख १० हजार. विमा कंपन्यांच्या घसाऱ्याच्या तक्त्यात पाचव्या वर्षापर्यंत किंमत निम्मी धरतात. बाजारात थोडं वरखाली होईल, पण साडेतीन लाख गेले समज. कर आणि पहिला विमा १ लाख १५ हजार, व्याज १ लाख ४७ हजार, पुढचे चार विमे ६० हजार, सर्व्हिसिंग आणि टायर ५५ हजार. बेरीज १० लाख ३७ हजार. महिन्याला सतरा हजारांवर, किलोमीटरला वीस रुपयांच्या वर. टोल, पंक्चर, कुठं घासलं तर डेंटिंग, हे अजून वेगळं.

म्हणून माझं ऐकशील तर टॉप मॉडेल सोड. सनरूफ आणि मोठी स्क्रीन काकूंच्या गुडघ्यांच्या काय कामाची? एअरबॅग आणि एबीएस खालच्या मॉडेललाही आहेत. एक पायरी खाली उतर, कर्ज साडेचार लाखांवर आण. सीएनजीचा मोह असेल तर तुझ्या गावापासून पंप किती लांब ते आधी मोज. आणि डिक्कीत सिलिंडर बसल्यावर व्हीलचेअर कुठं ठेवशील? मला तर पेट्रोलच बरी वाटते.

विम्याची फोड आणि कर्जाच्या कराराचा नमुना व्हॉट्सॲपवर पाठव. शनिवारी मला सुट्टी आहे, शोरूमला दोघं मिळून जाऊ. तोवर बुकिंगचा एक रुपयाही देऊ नकोस. काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना आणि पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
नाना