ट्रंकेतले कागद रद्दीत घालू नका! (आणि थोडे पैसेही हवेत)

सप्रेम नमस्कार मंडळी,

बँकेतून येऊन, जेवणं उरकून रात्री अकराला हे टाइप करतेय, तेव्हा शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा, मजकुराकडे नको. गेल्या वेळी मजकुराकडेच झालं होतं. २६ जानेवारीला आवाहन टाकलं, ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं, झेंडे आले, जय हिंद आले, जोडलेले हात तर विचारू नका, आणि पैसे आले चौघांचे. त्यातले दोघं कमिटीतलेच. असो, बोलायचं नव्हतं पण बोलून गेले.

काम काय चालतं ते तुम्हाला माहितीये, तरी नवीन लोकांसाठी सांगते. ज्यांचे आजोबा-पणजोबा महायुद्धात होते आणि घरात "लढाईला गेले होते" याच्यापलीकडे काही माहीत नाही, त्यांचा माग काढायचा. दुसऱ्या महायुद्धात आपले २५ लाखांच्या वर लोक फौजेत होते. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव, इटलीत १९४५ ला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, आणि आपल्या पोरांना त्यांचं नावही माहीत नाही.

सिन्नरकडच्या आजी आठवतात ना? त्या पाळण्यात असताना वडील बर्मात गेले ते गेलेच. तिथी माहीत नाही म्हणून ऐंशी वर्षं श्राद्ध सर्वपित्रीला. आपल्या सुभेदार काकांनी कॉमनवेल्थच्या युद्धस्मारकवाल्यांच्या (वॉर ग्रेव्हज कमिशन, महायुद्धात गेलेल्यांच्या नोंदी ठेवतात) यादीत शोध घेतला, गावाचं स्पेलिंग इतकं अगम्य की काकांनी ते मोठ्यांदा वाचून पाहिलं तेव्हा कुठे ट्यूब पेटली. रंगूनजवळ तौक्यानला स्मारक आहे, ज्यांची कबर किंवा दहनाची जागा सापडली नाही अशा सुमारे २७ हजार जणांची नावं तिथे आहेत, त्यात हे नाव. नोंदीत बापाचं नाव, बायकोचं नाव, जिल्हा नाशिक. काकांनी बायकोचं नाव वाचलं आणि आजी म्हणाल्या, "माझी आई तिथं कशी काय?" खोलीत कोणी काही बोललं नाही. मग तारखेवरून जुन्या पंचांगात तिथी काढली, आता त्या तिथीला पान वाढतात.

पण त्या यादीत फक्त गेलेलेच आहेत, हे दर वेळी सांगावं लागतं. "आमच्या आजोबांचं नाव येत नाही" म्हणून रुसून बसू नका, ते परत आले म्हणून तर तुम्ही आहात! परत आलेल्यांसाठी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं लागतं. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, महार रेजिमेंट असेल तर सागर, आणि तोफखान्यात असतील तर आपल्याच नाशिकरोड कॅम्पात, म्हणजे काखेत कळसा. लिहिताना त्यांचा फौजेतला नंबर लागतो. नंबर नसला की गाडी अडते, कारण एकाच नावाची माणसं ढिगाने. निफाडच्या एका घराला एकाच नावाचे, नाईक हुद्द्याचे दोघं सापडले, शेवटी डिस्चार्जच्या कागदावर "डाव्या भुवईवर व्रण" लिहिलेलं होतं, तर आत्या लगेच म्हणाली, हा आमचाच, बैलाचं शिंग लागलं होतं.

आता माझं सांगते. माझे आजोबा आम्हाला लहानपणी आकडे शिकवायचे, उनो, दुए, त्रे. आम्हाला वाटायचं मद्रासी आहेत. सुभेदार काकांनी ऐकलं आणि म्हणाले, अगं हे इटालियन! २१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं तेव्हा मराठ्यांची दुसरी बटालियन कैद झाली होती, आणि तिथले कितीतरी कैदी पुढे इटलीला नेले. म्हणजे आजोबा त्यांच्यातले असू शकतात. असू शकतात, एवढंच, कारण त्यांची ट्रंक आम्ही घर रंगवताना भंगारवाल्याला दिली. कागदांसकट. मीच दारात उभी राहून वजन करून घेतलं होतं.

म्हणून घाई करतेय. जुन्या नाशकातले वाडे एकेक करून उतरवतायत, आणि २०१९ ला सराफ बाजारात पाणी शिरलं तेव्हा काय काय गेलं ते आपण पाहिलंय. भद्रकालीतल्या एका वाड्यात तीन ट्रंका आहेत, मालकांनी पितृपंधरवड्यापर्यंत मुदत दिलीय, वरची कौलं आत्ताच गळतायत.

आजवर ज्यांनी निभावलं त्यांचे आभार किती मानू. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले काका, ज्यांनी पहिला स्कॅनर दिला, स्वतः रिक्षातून मांडीवर घेऊन आले आणि नाव छापलंत तर परत नेईन असा दम दिला. पंचवटीतल्या डॉक्टरीणबाई, दर दिवाळीला न मागता पाकीट पाठवतात. मोडी वाचून देणारे आपले सर, नव्वदीला आलेत, जिना चढवत नाही तर खाली उभे राहून वरून टोपली सोडायला लावतात, कागद त्यात ठेवायचे. आणि तालीमवाले, माडीचं एक रुपया भाडं घेत नाहीत, वर चहा पाजतात.

तो स्कॅनर आता गेला. नवा मोठा फ्लॅटबेड, बेळगावच्या दोन फेऱ्या आणि लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातून पलटणींच्या वॉर डायऱ्यांच्या काही पानांच्या प्रती (त्यात जवानांची नावं क्वचित असतात, पण पलटण कुठल्या दिवशी कुठे होती ते कळतं) मिळून ४८ हजार लागतील, हातात ११ आहेत. रोख किंवा चेक, खजिनदारांकडे, रविवारी ५ ते ७ तालमीवर, पावती मिळेल, करात सवलत नाही. १०० रुपयेही चालतील. पैसे नसतील तर दोन रविवार द्या, स्कॅनिंगला हात हवेत, इंग्रजी टायपिंग येणारं कोणी असेल तर फारच बरं.

आणि पदकं असतील तर कृपा करून सराफाकडे नेऊ नका. पहिल्या महायुद्धाचं ते गोल पदक चांदीचं असतं म्हणून कितीतरी वितळली, पण त्याच्या कडेवर नंबर, नाव, पलटण सगळं कोरलेलं असतं, तोच तर आपल्याला हवा असतो. देव्हाऱ्यात ठेवली असतील तर चिंच लावून घासूही नका. एकांच्या पदकाची कड घासून घासून पार गुळगुळीत झालीय.

आपली,
चिटणीस